नावाची चिमणी, कुळाची कोण?

‘विचारा की!’ : वाचकांचे प्रश्न, एका निवृत्त प्राणिशास्त्र शिक्षकाची उत्तरं

या महिन्यात आलेल्या पत्रांत आंब्यावरच्या तुडतुड्यांपासून रंकाळ्यातल्या जलपर्णीपर्यंत सगळं होतं. ते पुढच्या अंकात घेऊ. चार पत्रं मात्र चिमणीवर निघाली, म्हणून ती एकत्र घेतो. आमच्या गावात ‘चिमणी’ म्हटलं की जुन्या माणसांना आधी मिलची चिमणी आठवते, मग रॉकेलची आणि मग वळचणीची. इथं फक्त पंखवाली.

प्रश्न : मी राजारामपुरीत राहते. मुलगी-जावई अमेरिकेत, टेक्सासच्या अगदी दक्षिण टोकाला, मेक्सिकोच्या सीमेलगत असतात. यंदा चार महिने तिकडं होते. घरामागं काटेरी झुडपांचं रान आहे. तिथं रोज सकाळी एक पाखरू कोंबडीसारखं पाचोळा उकरत बसायचं. चिमणीपेक्षा किंचित लहानच वाटलं. पाठ मळकट हिरवी, पोट राखाडी, डोक्यावर दोन तपकिरी पट्टे. आवाज कसा, तर स्टीलची ताटली फरशीवर पडली की आधी सावकाश आणि मग थरथरत भराभर वाजते ना, तसा. शेजारीणबाई म्हणाल्या, ही ‘ऑलिव्ह स्पॅरो’. नातीच्या पुस्तकात या गटात चार जाती दिल्या होत्या. मग ही आपल्या चिऊताईची कोण लागते? आणि चिमणी हिरवी कशी? फोटो जोडला आहे.

उत्तर : ताई, फोटोत पाखरू कोपऱ्यात आणि जावईबापूंचं गवत कापायचं यंत्र मधोमध आलं आहे. पण तुमच्या ताटलीनं काम केलं. आधी सुट्टे आणि मग घाईघाईनं एकमेकांवर आदळणारे टिपके ही या पाखराची खूणच. दाट झुडपातून ते सहसा बाहेर पडत नाही, त्यामुळं डोळ्यांआधी कानाला सापडतं. शेजारीणबाईंचं बरोबर आहे.

नात्याचं सरळ सांगतो : आपल्या चिमणीची ही कोणी लागत नाही. एसटीच्या कंडक्टरला आपण ‘मास्तर’ म्हणतो, म्हणून त्यानं कधी कुणाला पाढे शिकवलेले नसतात. इंग्लंडमधून अमेरिकेत गेलेल्या लोकांनी तिथं लहान, मातकट, जाड चोचीनं दाणे फोडणारी पाखरं पाहिली आणि घरच्या आठवणीनं त्यांना ‘स्पॅरो’ म्हणून टाकलं. रॉबिनचंही तेच झालं. अमेरिकेतला रॉबिन हा कस्तुराच्या कुळातला पक्षी आहे; छाती तांबडी दिसली, लावलं नाव.

आपली घरातली चिमणी पॅसरिडी कुळातली. तुमच्या टेक्सासच्या पाखराचं कुळ पॅसरेलिडी. नावं सख्ख्या जावांसारखी आहेत, त्यामुळं घोटाळा आणखी वाढतो. ‘पॅसर’ म्हणजे लॅटिनमध्ये चिमणी, ‘पॅसरेला’ म्हणजे चिमुकली चिमणी. दोन्ही वेगळी आहेत हे कळल्यावरही शास्त्रज्ञांना दुसऱ्या कुळाला चिमणीशिवाय नाव सुचलं नाही, आता काय बोलायचं!

फरक कुठं बघायचा? एक फरक जिभेत आहे. लक्ष्मीपुरीच्या धान्य बाजारात माझ्या एका मित्राचं भुसाराचं दुकान आहे. दुपारी गिऱ्हाईक नसताना मी तिथं पोत्यावर बसतो. चिमणी राळ्याचा दाणा उचलते, चोच न उघडता आतल्या आत फिरवते, आणि चोचीच्या कडेनं टरफलाचा पापुद्रा बाहेर पडतो. दाणा दाबून धरायला जीभ ताठ लागते. त्यासाठी पॅसरिडी कुळातल्या पाखरांच्या जिभेत एक जादा हाड असतं. अमेरिकी ‘स्पॅरों’च्या जिभेत ते नाही. त्यांचं कसब पायात आहे. तुम्ही कोंबडीसारखं लिहिलं आहे, पण कोंबडी एका वेळी एक पाय मारते. पुढच्या खेपेला नीट बघा : हे पाखरू पुढं टुणकन उडी घेतं आणि दोन्ही पायांनी एकदम पाचोळा मागं ओढतं. खाली किडा-मुंगी, बी, जे उघडं पडेल ते टिपतं. लक्ष्मीपुरीतल्या चिमणीला असं करताना मी पन्नास वर्षांत पाहिलेलं नाही.

हिरव्या रंगाचं फार गूढ नाही. पिसात पिवळं रंगद्रव्य आणि काळपट मेलॅनिन एकत्र आलं की आपल्या डोळ्याला शेवाळी हिरवं दिसतं. चिमणीच्या पिसात पिवळं नाही, म्हणून ती मातकट राहिली.

आता त्या चार जातींचं. या पाखराचं पहिलं शास्त्रीय वर्णन १८५१ साली न्यूयॉर्कच्या जॉर्ज लॉरेन्सनं केलं. त्यानं त्याला ‘एम्बरनाग्रा रुफिव्हिरगाटा’ असं नाव दिलं. रुफिव्हिरगाटा म्हणजे तांबूस पट्ट्यांची. तुम्ही डोक्यावर पाहिलेले तेच पट्टे. गंमत बघा, त्याच सुमाराला न्यूयॉर्कशेजारच्या ब्रुकलिनमध्ये इंग्लंडहून पेट्यांत घालून आणलेल्या खऱ्या चिमण्या सोडायची खटपट चालली होती. म्हणजे एकीकडं नावाची चिमणी दप्तरी दाखल होत होती आणि दुसरीकडं कुळाची चिमणी बोटीतून उतरत होती. आज तुमच्या मुलीच्या गावात दुकानांच्या पाट्यांमागं जी घरटी दिसतील, ती या बोटीवाल्या खानदानाची.

पुढं १८९६ साली रॉबर्ट रिजवे यांनी या पाखरांसाठी वेगळा वंश काढला : अ‍ॅरेमोनॉप्स. शास्त्रीय नावात आडनाव आधी आणि नाव नंतर येतं, शाळेच्या हजेरीपटासारखं. अ‍ॅरेमोनॉप्स हे आडनाव. अर्थ ‘अ‍ॅरेमॉनसारखा दिसणारा’. अ‍ॅरेमॉन हा त्याच भागातल्या पाखरांचा दुसरा वंश. दुसऱ्यासारखं दिसणं हीच ज्याची ओळख, त्या आडनावाची मला कीव येते. लॉरेन्सनं दिलेलं एम्बरनाग्रा हे जुनं आडनाव ज्यांच्याकडं राहिलं, ती पाखरं आता टॅनेजर नावाच्या अमेरिकी पाखरांच्या कुळात गेली आहेत. तुमच्या पाखराचं घरही दोनदा बदललं. जुन्या अमेरिकी पुस्तकांत ते फिंच कुळात आहे, नंतर भारीट (इंग्रजीत बंटिंग) कुळात, आणि डीएनएच्या अभ्यासानंतर २०१७ साली अमेरिकेच्या पक्षीशास्त्र संस्थेनं पॅसरेलिडी हे कुळ वेगळं मांडलं, तेव्हापासून तिथं. पाखरू मात्र सगळा वेळ त्याच झुडपाखाली पाचोळा ओढत होतं.

या आडनावाची चार भावंडं. तुमची ऑलिव्ह स्पॅरो, तिला आपण शेवाळी म्हणू, टेक्सासच्या दक्षिण टोकापासून मेक्सिको आणि पुढं मध्य अमेरिकेतून कोस्टा रिकाच्या वायव्य कोपऱ्यापर्यंत. सलग नव्हे, तुटक तुटक. जिथं कोरडं काटेरी रान तिथं. पॅसिफिक किनाऱ्याकडची शेवाळी वेगळीच जात धरावी का, हाही वाद आहे. दुसरी हिरव्या पाठीची. ती मेक्सिकोच्या आग्नेय भागात, ग्वाटेमालाच्या उत्तरेला, बेलीझ आणि होंडुरासमध्ये, ओल्या जंगलांच्या कडेनं. तिसरी काळ्या पट्ट्यांची, चौघींत सगळ्यात मोठी. होंडुरासपासून पनामा ओलांडून कोलंबिया, इक्वेडोरचा पश्चिम भाग, व्हेनेझुएला आणि ब्राझीलच्या उत्तर कडेला थोडीशी. चौथी तोकुयो. ती कोलंबियाच्या ईशान्येला आणि व्हेनेझुएलाच्या वायव्येला, पुन्हा कोरड्या रानात. हिचं वर्णन सगळ्यात उशिरा, १९१२ साली टॉड यांनी केलं, आणि चणीनंही हीच लहान.

नकाशावर ही नुसती गिचमिड वाटेल, पण कोल्हापूरच्या माणसाला हे चटकन कळावं. गगनबावड्याला पाऊस कोसळतो, शिरोळला ढग नुसते तोंड दाखवून जातात. मधलं अंतर जेमतेम शंभर किलोमीटर. दाजीपूरच्या रानातला पिवळ्या भुवयांचा बुलबुल जयसिंगपुरात शोधून सापडणार नाही, आणि जयसिंगपूरच्या बाभळीतली किती तरी पाखरं दाजीपुरात जाणार नाहीत. कोणी कुंपण घातलेलं नाही, पाऊस आणि झाडोरा पाहून ज्यानं त्यानं आपली हद्द ठरवली आहे. या चौघींचंही तेच. कोस्टा रिका हा लहानसा देश, पण त्याच्या कोरड्या वायव्येला शेवाळी आणि ओल्या बाजूंना काळ्या पट्ट्यांची. त्यात ही पाखरं स्थलांतर करत नाहीत. पंख आखूड, उड्डाण या झुडपातून त्या झुडपात. अशा घरकोंबड्या पाखरांची हद्द सहजी सरकत नाही.

एका ठिकाणी मात्र पंचाईत आहे. मेक्सिकोच्या युकातान भागात शेवाळी आणि हिरव्या पाठीची दोन्ही राहतात, आणि दिसायला जुळ्या बहिणी. हिरव्या पाठीचीचे पट्टे काळे, शेवाळीचे तपकिरी. पण झुडपाच्या सावलीत काळं आणि तपकिरी ओळखून दाखवा! तिथं पुन्हा गाणंच कामाला येतं.

या चौघींना उष्ण कटिबंधातल्या चिमण्या म्हणायची रीत आहे. तुमच्या मुलीचं गाव मात्र कर्कवृत्ताच्या उत्तरेला येतं. उलट कोल्हापूर साधारण १६.७ उत्तर अक्षांशावर. नातीला पृथ्वीगोलावर कोल्हापुरातून पश्चिमेकडं सरळ बोट फिरवायला सांगा. अरबी समुद्र, आफ्रिका, अटलांटिक ओलांडून ते बेलीझच्या दक्षिण भागात जाईल, म्हणजे हिरव्या पाठीचीच्या अंगणात.

राहता राहिलं एक. कोल्हापुरात या अमेरिकी पाखरांचं कोणीच नाही का? आहे, पण ती चिमणी नाही, भारीट. आणि ती ओळख मला फजितीतून झाली. नोकरीला लागून दुसरं वर्ष असेल. थंडीत मुलांना घेऊन शिरोळकडं गेलो होतो. शाळू पोटरीतून बाहेर पडून दाणा धरत होता. एका शेतावर शेकडो पाखरांचा थवा उतरला, पिवळसर पोटाची, जाड चोचीची. मी मोठ्या आत्मविश्वासानं सांगून टाकलं, ‘या सुगरणीच्या माद्या.’ माळ्यावर गोफण घेऊन बसलेले म्हातारबाबा खाली न बघता म्हणाले, ‘सुगरण हितलीच असती, मास्तर. ही पावणी हाय. शाळू निसवला की येती, खळं झालं की जाती.’ मुलं खदखदून हसली. बाबांचं शंभर टक्के बरोबर होतं. ते काळ्या डोक्याचे भारीट. आग्नेय युरोप ते इराण या पट्ट्यात वीण करतात आणि हिवाळ्यात आपल्या ज्वारीवर येतात. नराचं डोकं आल्या आल्या मळकट असतं, जायच्या वेळी मार्चमध्ये काळंभोर होतं; मी नेमका डिसेंबरात पकडला गेलो. तुमच्या शेवाळीला पूर्वी याच भारिटांच्या कुळात धरत. आता वेगळी केली तरी चिमणीपेक्षा भारीटच तिला कितीतरी जवळचा. तेव्हा मुलीला कळवा, तिच्या परसातल्या पाखराचे लांबचे नातेवाईक दरवर्षी शिरोळला हुरडा खायला येतात.

प्रश्न : मी कागलला आठवीत आहे. आमच्या घरातल्या जुन्या पुस्तकात चिमणी आणि सुगरण एकाच कुळात दाखवल्या आहेत. ताईच्या नव्या पुस्तकात वेगवेगळ्या आहेत. कोणतं पुस्तक चुकलं आहे?

उत्तर : तुझं पत्र वाचून बरं वाटलं. दोन पुस्तकं शेजारी ठेवून बघणारी मुलं मला तीस वर्षांच्या नोकरीत फार थोडी भेटली. जुनं पुस्तक त्याच्या काळाप्रमाणं बरोबर होतं. तेव्हा चोच, पिसं, घरट्याची ठेवण यावरून नाती जुळवत. चिमणीला मोकळं झाड मिळालं तर ती कधी कधी वरून झाकलेलं, गवताचं गबाळं घरटं करते. ते पाहून वाटायचं, ही सुगरणीचीच आळशी बहीण असणार. आता डीएनए तपासता येतो, त्यात दोघींची कुळं वेगळी निघाली. सुगरण प्लोसिडी कुळातली. परीक्षेत नवं लिही. पण जुनं पुस्तक रद्दीत टाकू नकोस, त्यातली चित्रं बहुतेक जास्त चांगली असतील.

प्रश्न : पाळीव पक्ष्यांच्या दुकानात ‘जावा स्पॅरो’ म्हणून राखाडी, गुलाबी चोचीची जोडी विकायला होती. ही जावा बेटावरची चिमणी का? आणि ‘स्पॅरो लार्क’ चिमणी की चंडोल?

उत्तर : पहिली चिमणी नाही, मनोलीच्या कुळातली आहे. जावा आणि बाली ही तिची मूळ बेटं, आणि पिंजऱ्यासाठी इतकी पकडली गेली की घरच्या रानातच दुर्मीळ झाली. दुकानात शेजारी आपली ठिपक्यांची मनोली किंवा लाल मुनिया असेल, तर ती विकणं आणि पाळणं दोन्ही १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे, घेऊ नका. दुसरा चंडोलच. आपल्याकडं त्याला डोंबारी म्हणतात. विद्यापीठापलीकडच्या मुरमाड माळावर तो सरळ वर चढतो, दगडासारखा खाली येतो, जमिनीला टेकायच्या आत पुन्हा वर. नाव ठेवणाऱ्या मराठी माणसाला त्याच्यात चिमणी दिसली नाही, दोरीवरचा डोंबारी दिसला. इंग्रजी नावापेक्षा मला हे हजारपट पटतं.

प्रश्न : लक्ष्मीपुरीत आमचं दुकान आहे. (तुम्ही पोत्यावर बसता तेच.) दुकानातल्या चिमण्या मी ओळखतो. पण आमच्या गावाकडं म्हातारी माणसं ‘रानचिमणी वेगळी’ म्हणायची. खरंच वेगळी असते, की रानात गेली म्हणून रानचिमणी?

उत्तर : आण्णा, समोरासमोर विचारलं असतंत तर चहा तुमच्याकडून झाला असता. वेगळी असते. घरचिमणीच्याच पॅसरिडी कुळातली, पण वंश निराळा : जिम्नॉरिस. या वंशातही जाती चारच. तीन आफ्रिकेत, सहाराच्या दक्षिणेच्या कोरड्या झुडपी पट्ट्यापासून दक्षिण आफ्रिकेपर्यंत वाटून राहिलेल्या. चौथी आपली, ती तुर्कस्तानच्या आग्नेय टोकापासून इराक, इराणमार्गे भारतभर. पश्चिमेकडची थंडीत भारताकडं सरकतात, आपल्याकडची बारमाही आहेत. सलीम अली यांनी लहानपणी छऱ्याच्या बंदुकीनं पाडलेली आणि मग हे काय म्हणून मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत विचारायला नेलेली चिमणी ती हीच.

ओळख सोपी आहे. अंगावर घरचिमणीसारख्या काळ्या रेघा नाहीत, साधा राखट तपकिरी रंग. पंखावर दोन पांढऱ्या पट्ट्या, नराच्या खांद्यावर विटकरी डाग, गळ्यावर हळदीचं बोट लावल्यासारखा पिवळा ठिपका. हा ठिपका लांबून दिसत नाही, त्यासाठी तिनं मान वर करावी लागते. विणीत नराची चोच काळी होते. ही तुमच्या पोत्यांकडं येणार नाही. हिचं काम झाडावर : दाणे आणि किडे खाते, पण सावर, पळस फुलले की मधावर तुटून पडते. गेल्या वर्षी पन्हाळ्याच्या पायथ्याला पळसावर एक नर पाहिला. कपाळ परागकणांनी इतकं माखलं होतं की दोन मिनिटं मला नवीनच जात सापडल्याचा आनंद झाला. फुलातून डोकं काढलं, फांदीवर चोच पुसली, तेव्हा गळ्याचा ठिपका दिसला.

घरटं झाडाच्या भोकात. बऱ्याचदा तांबटानं कोरलेलं आणि सोडलेलं बीळ ती घेते, आत गवत, केस, पिसं भरते. एप्रिल-मेमध्ये पिलं असतात. त्यामुळं तुमच्या गावाकडं बांधावरचं वठलेलं झाड सरपणाला पाडायचं चाललं असेल, तर पावसाळ्यापर्यंत थांबायला सांगा.

बघायचीच असेल तर मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात एक रविवार दुकान पोराकडं सोपवा. सकाळी सातच्या आत निघू, ऊन चढलं की ती पानात गप्प बसते. दुर्बीण माझ्याकडं आहे, चहाचा थर्मास तुम्ही आणा. पळस कुठला ते मासिकात छापत नाही, मागच्या वेळी एका घुबडाचं ढोलीसकट लिहिलं आणि आठ दिवसांत तिथं फोटोवाल्यांची जत्रा भरली होती.